राणीच्या बागेतला दगडी हत्ती आणि नाक नसलेली राणी

भायखळ्याच्या राणीच्या बागेत वाघ आणि पेंग्विन पाहायला रांगा लागतात. तिथेच, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उघड्यावर उभा असलेला दगडी हत्ती वयाने या सर्वांचा पूर्वज ठरावा.

हा हत्ती मूळचा घारापुरीचा. तो पाहूनच पोर्तुगीजांनी बेटाला 'एलिफंटा' हे नाव दिले. १८१४ मध्ये त्याचे डोके व मान गळून पडली. १८६४ मध्ये त्याला इंग्लंडला नेण्याचा घाट घातला गेला; उचलताना यारीचा दांडा मोडला आणि हत्तीचे तुकडे झाले. (आपल्याकडे तो उरला, तो या मोडक्या यारीच्या कृपेने.) ते तुकडे बागेत आणले गेले आणि १९१४ मध्ये कॅडेल व ह्यूएट यांनी ते जुळवून हत्ती पुन्हा उभा केला.

त्याचे शेजारीही असेच विस्थापित. अल्बर्ट ससून यांनी दिलेला, बोहम या शिल्पकाराने घडवलेला युवराज एडवर्डचा अश्वारूढ पुतळा १८७९ मध्ये फोर्ट भागात उभा राहिला. मुंबईकरांनी युवराजाला बाजूला सारून त्या जागेला 'काळा घोडा' म्हटले. १९६५ मध्ये पुतळा बागेत गेला, नाव मात्र जागेवरच राहिले. २०१७ मध्ये तिथे नवा घोडा बसवला गेला, तोही स्वाराविना! लोकांनी शतकभर केलेला निवाडा शिल्पात उतरला, एवढेच.

सर्वांत बोलका पुतळा संग्रहालयाच्या मागे आहे. बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी देणगी दिलेला, मॅथ्यू नोबलने घडवलेला व्हिक्टोरिया राणीचा हा संगमरवरी पुतळा. १८७२ पासून तो फोर्ट भागात दिमाखात होता. १८९६ मध्ये दामोदर चापेकरांनी त्याला डांबर फासले आणि जोड्यांची माळ घातली. रँडवरील गोळीबाराला तेव्हा अवकाश होता. पुढे हाही पुतळा बागेत आला. आता राणीला नाक नाही.

हत्तीचे तुकडे जोडले, तसे राणीचे नाकही बसवावे, असे कुणाला वाटेल. परंतु हत्ती अपघाताने फुटला होता. त्याला जोडल्याने कुणाचाही राग पुसला गेला नाही. डांबराचा आता मागमूस नाही. नाकही नवे बसवले, तर त्या दगडावर उमटलेल्या रागाची उरलेली खूणही जाईल.

बागेला आज जिजामातेचे नाव आहे. मुंबईकर अजूनही तिला राणीचीच बाग म्हणतात.