रुग्णवाहिकेंतून परक्या घरीं

परदेशच्या विद्यार्थ्याला वर्षभर आपल्या घरीं ठेवून घेण्याची पद्धत एखाद्या शाळामास्तरानें पाडली असेल, असें आपणांस वाटेल. तिचा एक मोठा प्रवाह निघाला तो रणभूमीवरून!

१९१५ सालीं फ्रान्समध्यें ए. पायट अँड्र्यू यांनीं ‘अमेरिकन फील्ड सर्व्हिस’ उभारली. तिचे स्वयंसेवक तोफांच्या माऱ्यांतून जखमींना इस्पितळांत पोंचवीत. दुसऱ्या महायुद्धांत तर ते ब्रह्मदेशच्या आघाडीपर्यंत आले होते. युद्ध संपल्यावर संस्था गुंडाळणें साहजिक होतें. परंतु १९४६ सालीं स्टीफन गलाटी आणि त्यांचे सोबती यांनीं निराळें ठरविलें, आणि १९४७ सालीं १० देशांतील ५२ विद्यार्थी अमेरिकेंत येऊन दाखल झाले.

आतां स्वयंसेवकाची विद्या बदलली. जखम डोळ्यांना दिसते. पण मुलगी ताटावरून मुकाट्यानें उठते, तेव्हां यजमानीण म्हणते, रुसली! वास्तविक तिला घर आठवलेलें असतें, आणि तें सांगावयास शब्द नसतात. अशा वेळीं निवाडा करूं नये, दोघींचें वेगवेगळें ऐकावें, हें स्वयंसेवकाला आधीं शिकवावें लागतें. मला विचाराल तर स्ट्रेचर उचलणें याहून सोपें!

अमेरिकेंत आज दरमहा विद्यार्थ्याची व कुटुंबाची विचारपूस करणें नियमानेंच बंधनकारक आहे. शिवाय जो यजमान, त्यालाच त्या विद्यार्थ्याची देखरेख करतां येत नाहीं. इतकें करूनही कधीं जुळत नाहीं. मग दुसरें घर शोधावें लागतें, आणि पहिल्या घरीं जाऊन त्या माणसांजवळही घटकाभर बसावें लागतें.