खंजिराची साक्ष

वाशिष्ठी नदीच्या मुखाशीं वसलेलें दाभोळ हें रत्नागिरी जिल्ह्यांतील बंदर बहामनी व आदिलशाही अमदानींत फार नांवाजलेलें होतें. तेथील गलबतें तांबड्या समुद्राकडे माल नेत आणि मक्केचे यात्रेकरूही त्यांतूनच जात. मक्का-मदीनेचा मुलूख इ. स. १५१७ पासून तुर्कस्तानच्या उस्मानी सुलतानांच्या अमलाखालीं आला होता. तेव्हां कोंकणांतील एखाद्या जुन्या घरच्या पेटींत अरबी लिपीचा तुर्की खंजीर निघाला, तर त्यांत अशक्य असें कांहीं नाहीं. परंतु इतिहासांत शक्यता निराळी आणि शाबिती निराळी. तो खंजीर खरोखर तुर्की आहे काय, जुना आहे काय आणि मूळ स्थितींत आहे काय, हे तीन प्रश्न वेगवेगळे विचारावे लागतात.

पहिली साक्ष धातूची. उत्तम जुन्या पोलादावर पाण्याच्या लहरींसारखी जी नक्षी दिसते, तिला जोहर म्हणतात. ती पोलादाच्या अंगचीच असते. तेजाबानें वरवर उठविलेली नक्षी मात्र थोड्याशा घर्षणानें पुसट होते. जुना गंज काळसर असून धातूंत खोल रुतलेला असतो. मुद्दाम चढविलेला गंज तांबूस, भुसभुशीत आणि सर्वत्र सारखा असतो. सोन्याचें काम जेथें अंगठा टेकतो तेथें अधिक झिजलेलें असावें. तें सर्वत्र सारखेंच झळकत असेल, तर संशयास जागा आहे.

दुसरी साक्ष अक्षरांची. उस्मानी कारागिरांच्या चांदीवर पुष्कळदां सुलतानाची नाममुद्रा, म्हणजे तुघ्रा, ठोकलेली असते. ती वाचतां आली कीं कोणत्या सुलतानाच्या कारकीर्दींतील काम हें कळतें. सन हिजरी असतो आणि कित्येकदां त्यांतील हजाराचा आंकडा गाळलेला असतो. पात्यावर २२३ एवढेंच असेल तर तें १२२३, म्हणजे इ. स. १८०८ च्या सुमाराचें साल समजावें. हें न जाणणारा मनुष्य तोच खंजीर इ. स. ८३८ चा ठरवील. आणि त्या काळीं तर उस्मानी घराण्याचा उदयही व्हावयाचा होता!

मूठ व म्यान यांविषयींही विवेक हवा. मूठ बदललेली दिसली म्हणजे शस्त्र बनावट, असें नव्हे. आपल्याकडे परदेशी पात्यांना देशी मुठी बसवून फिरंगी तलवारी वापरल्या जातच असत. दुरुस्ती हा शस्त्राच्या आयुष्याचाच भाग होय. दुरुस्ती लपविणें ही मात्र लबाडी होय.

तिसरी साक्ष वंशावळीची, आणि तीच सर्वांत अवघड. इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यांत एक पाचूजडित खंजीर आहे. ज्यानें इ. स. १७३९ मध्यें दिल्ली लुटली, त्या नादिरशहाला नजर करण्यासाठीं सुलतान पहिला महमूद यानें तो करविला. वकिलात वाटेवर असतांनाच इ. स. १७४७ मध्यें नादिरशहाचा खून झाला आणि खंजीर खजिन्यांत परत आला. येथें वस्तु आणि तिची हकीकत यांची फारकत कधीं झालीच नाहीं.

याच्या उलट उदाहरण आपल्या घरचें आहे. लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयांतील वाघनखें इ. स. २०२४ च्या जुलै महिन्यांत सातारच्या संग्रहालयांत मांडण्यांत आलीं. तीं शिवाजीमहाराजांचीं असून पेशव्यांच्या प्रधानाकडून ग्रँट डफ यास मिळालीं, असें त्यांच्या पेटीवर इंग्रजींत कोरलेलें आहे. पण ग्रँट डफ साताऱ्यास आला तो इ. स. १८१८ मध्यें. अफझलखानाचा वध इ. स. १६५९ मधला. मधल्या दीडशें वर्षांबद्दल ती पेटी मुकीच आहे. शिवाय मारला गेलेला सरदार मोंगलांचा होता, असें ती सांगते. खान तर विजापूरचा! ही तींच वाघनखें होत हें सिद्ध करतां येत नाहीं, असें ते संग्रहालयही स्पष्ट सांगतें. यानें महाराजांच्या पराक्रमास तिळमात्र उणेपणा येत नाहीं. तो एका लोखंडाच्या तुकड्यावर अवलंबून नाहीं. परंतु आदर आणि पुरावा यांची गल्लत केली, तर दोहोंचेंही नुकसान होतें.

ज्या श्रोत्यांच्या घरीं असें एखादें जुनें शस्त्र असेल, त्यांनीं खंडेनवमीच्या दिवशीं तें चिंच आणि राख लावून घासूं नये. कोंकणच्या खाऱ्या हवेपासून लोखंडास जपण्यासाठीं कोरड्या फडक्यानें पुसून तेलाचा पातळ हात द्यावा, आणि चामड्याच्या म्यानांत तें कायमचें कोंडून ठेवूं नये. वडीलधाऱ्यांनीं त्याविषयीं जें सांगितलें असेल तें, कोणी व केव्हां सांगितलें यासह, कागदावर लिहून ठेवावें. पात्यावर चकाकी पुन्हा आणतां येते. घासून गेलेलें अक्षर आणि आजोबांबरोबर गेलेली हकीकत मात्र परत मिळत नाहीं.