स्काउट चळवळीतील बंधुभाव आणि समावेशन : मध्य प्रांत-वऱ्हाडाच्या संदर्भात एक ऐतिहासिक अवलोकन

प्रस्तावना :
वाशीम जिल्ह्याच्या मंगरूळपीर तालुक्यातील शेलूबाजार हे नागपूर-छत्रपती संभाजीनगर मार्गावरील बाजाराचे गाव. अशा गावातील शाळेत कुणबी-मराठा, बौद्ध, बंजारा, मुस्लिम अशा विविध समाजांतील मुले एका वर्गात बसतात. परंतु वर्गात एकत्र बसणे आणि एका चुलीवर शिजवून एकत्र जेवणे यांत अंतर आहे. स्काउट पथकाचे शिबिर हे अंतर मिटविण्याची संधी देते. ही संधी भारतीय मुलांना सहजासहजी मिळालेली नाही, ती झगडून मिळवावी लागली. त्या झगड्यातील काही टप्प्यांचा, विशेषतः ज्या प्रांतात हे गाव पूर्वी मोडत असे त्या मध्य प्रांत-वऱ्हाडाच्या संदर्भात, विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

नियम आणि व्यवहार :
१९०७ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडमधील ब्राउन्सी बेटावर रॉबर्ट बेडन-पॉवेल यांनी सुमारे वीस मुलांचे पहिले प्रायोगिक शिबिर घेतले. श्रीमंतांच्या निवासी शाळांतील मुले आणि कामगार कुटुंबांतील मुले त्यात हेतुतः एकत्र आणली होती. वर्गभेदाने ग्रासलेल्या तत्कालीन इंग्रज समाजात ही गोष्ट लहान नव्हती. पुढील वर्षी प्रसिद्ध झालेल्या स्काउट नियमांत, स्काउट हा सर्वांचा मित्र आणि प्रत्येक स्काउटचा बंधू असतो, मग तो कोणत्याही सामाजिक वर्गातील असो, असा स्पष्ट नियम घातला गेला.

भारतात चळवळ १९०९ मध्ये बंगळूर येथे सुरू झाली, ती मात्र युरोपियन व अँग्लो-इंडियन मुलांपुरती. भारतीय मुलांना प्रवेश नव्हता. शिस्त, संकेत, माग काढणे, रानात राहणे यांचे शिक्षण मिळालेले भारतीय तरुण उद्या क्रांतिकारक होतील, ही शासनाची भीती त्यामागे होती. बंधुत्वाचा नियम छापील होता आणि दार बंद होते. नियमात वर्गाचा उल्लेख होता, वंशाचा नव्हता. वसाहतीच्या राज्यकर्त्यांना तेवढी फट पुरेशी होती.

मध्य प्रांतातील आरंभ :
बेडन-पॉवेल यांनी १९१६ मध्ये लहान मुलांसाठी कब शाखेची पद्धती मांडली. तिची सारी कल्पसृष्टी रुडयार्ड किपलिंग यांच्या 'जंगल बुक'मधून घेतलेली आहे आणि त्या कथांचे रान म्हणजे मध्य प्रांतातील सिवनीचे. माणसाच्या पोराला लांडग्यांचा कळप आपल्यात घेतो की नाही, हा त्या कथेतील आरंभीचाच प्रश्न. ज्या प्रांताच्या रानावर ही कथा बेतली, त्याच प्रांतातील मुलांना काही वर्षे या कळपात जागा नव्हती, हा इतिहासातील उपरोध नजरेआड करता येत नाही.

याच प्रांतात १९१३ मध्ये व्हिव्हियन बोस यांनी भारतीय मुलांसाठी स्काउटिंग सुरू केल्याची नोंद चळवळीच्या इतिहासात आढळते. बोस (जन्म १८९१) हे नागपूरच्या सर बिपिन कृष्ण बोस यांचे नातू. केंब्रिज येथे शिक्षण घेऊन ते बॅरिस्टर झाले, पुढे नागपूर उच्च न्यायालयाचे न्यायाधीश व मुख्य न्यायाधीश आणि १९५१ ते १९५६ या काळात सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश होते. १९५२ च्या अन्वर अली सरकार खटल्यात, कायद्यापुढील समानतेविषयी त्यांनी दिलेले स्वतंत्र निकालपत्र विधिक्षेत्रात आजही अभ्यासले जाते. दोन्ही कार्यांचा थेट कार्यकारणसंबंध जोडणे धाडसाचे होईल. तथापि एकाच व्यक्तीने ऐन तारुण्यात वगळलेल्या मुलांसाठी पथक उभारावे आणि उत्तरायुष्यात समानतेच्या अनुच्छेदाचा अर्थ लावावा, हे केवळ योगायोगाचे म्हणून सोडून देण्यासारखे नाही.

वऱ्हाड १९०३ पासून प्रशासनदृष्ट्या मध्य प्रांतास जोडला गेला होता. १९०५ मध्ये जुना वाशीम जिल्हा मोडून वाशीम व मंगरूळ हे तालुके अकोला जिल्ह्यात गेले. वाशीम पुन्हा स्वतंत्र जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. त्यामुळे आजच्या वाशीम जिल्ह्यातील शालेय स्काउटिंगची पूर्वपीठिका पुण्या-मुंबईकडे न शोधता नागपूरकडे शोधावी लागते.

समांतर संघटना :
बंद दारासमोर थांबून न राहता भारतीयांनी स्वतःची दारे बांधली. अॅनी बेझंट व जॉर्ज अरुंडेल यांनी १९१६ च्या सुमारास मद्रास येथे इंडियन बॉय स्काउट्स असोसिएशन स्थापन केली. तिच्या गणवेशात फेटा होता, शेकोटीपाशी भारतीय गीते होती. पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम वाजपेयी यांनी अलाहाबाद येथे सेवा समिती स्काउट्स असोसिएशन उभारली. १९२१ मध्ये बेडन-पॉवेल भारतात आले असता बेझंट यांची संघटना मूळ चळवळीत विलीन झाली. सेवा समिती मात्र बाहेर राहिली, कारण वचनातील राजनिष्ठेचा प्रश्न तिला मान्य होणारा नव्हता. १९३७ मध्ये बेडन-पॉवेल यांनी भारतीयांच्या शीलाविषयी केलेल्या अनुदार विधानांमुळे संताप उसळला आणि १९३८ मध्ये हिंदुस्थान स्काउट असोसिएशन अस्तित्वात आली. स्वातंत्र्यानंतर ७ नोव्हेंबर १९५० रोजी या संघटना एकत्र येऊन भारत स्काउट्स आणि गाइड्स ही संस्था निर्माण झाली. १५ ऑगस्ट १९५१ रोजी मुलींची गाइड संघटनाही तीत सामील झाली. मुले व मुली एकाच राष्ट्रीय संस्थेत येणे ही त्या काळी जगातही विरळ गोष्ट होती.

वंशाचा अडसर गेला, पण जातीचे काय, हा प्रश्न स्काउट चळवळीने स्वतःला फारसा स्पष्टपणे विचारलेला दिसत नाही. तो महाराष्ट्रात इतरांनी विचारला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या प्रेरणेने समता सैनिक दल उभे राहिले. १९४१ मध्ये पुण्यात एस. एम. जोशी यांच्या नेतृत्वाखाली राष्ट्र सेवा दलाची पुनर्रचना झाली व त्याच्या शाखांवर सर्व जातिधर्मांची मुले-मुली एकत्र खेळू लागली. १९४७ मध्ये साने गुरुजींनी पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे यासाठी उपोषण केले, त्यामागे या सेवादलाच्या तरुणांचे बळ होते. मैदानावरील खेळ आणि मंदिराचे दार यांतील नाते या संघटनेने ओळखले होते.

दया की सोबत :
स्काउट पद्धतीत दयाभाव उपदेशाने नव्हे, सवयीने रुजावा अशी योजना आहे. रोज एक सत्कृत्य, 'खरी कमाई'तून श्रमाची ओळख आणि सहा ते आठ मुलांचा संघ ही तिची साधने होत. यांपैकी सत्कृत्याचा गाजावाजा अधिक होतो. समावेशनाच्या दृष्टीने संघ अधिक महत्त्वाचा आहे. सत्कृत्य करणारा आणि ते स्वीकारणारा यांत उंचीचा फरक राहतो. तांड्यावरच्या मुलाला वह्या वाटणारे पथक दयाळू असेल. पण तोच मुलगा संघनायक असेल, इतरांनी त्याच्या सूचनेनुसार तंबू ठोकला असेल आणि त्याने शिजविलेली खिचडी सर्वांनी खाल्ली असेल, तर तेथे दयेची गरजच उरत नाही. बेडन-पॉवेल यांच्या रचनेत संघनायकाला खरे अधिकार होते. शाळांतून मात्र अनेकदा वर्गातील हुशार किंवा प्रतिष्ठित घरातील मुलालाच हे पद मिळते आणि रचनेचा प्राण जातो.

दुसरा अडसर गणवेशाचा. भेद झाकावा म्हणून एकसारखा पोशाख ठरविला गेला. त्याचा खर्च न पेलणाऱ्या पालकाच्या मुलासाठी तोच पोशाख कुंपण ठरतो. शिबिराची वर्गणी, प्रवासखर्च, पट्टा, टोपी, स्कार्फ यांची बेरीज कापूस-सोयाबीनवर जगणाऱ्या कोरडवाहू कुटुंबाला लहान वाटत नाही. ज्या शाळांत गणवेशांचा सामाईक संच ठेवून ते वापरण्यास दिले जातात, तेथे हे कुंपण बऱ्याच अंशी निघते. मराठी व उर्दू माध्यमांच्या शाळांची पथके वेगवेगळी असल्याने तालुका मेळाव्यातही मुले आपापल्या शाळेच्या तंबूत राहतात. मेळाव्याच्या काळापुरते मिश्र संघ करण्यास कोणताही नियम आड येत नाही. आड येते ती केवळ गुणांकनाची सोय, कारण चषक शाळेला द्यायचा असतो.