नळाचं बिल कोण भरणार?

2017 च्या जूनमध्ये लिओ वराडकर आयर्लंडचे पंतप्रधान झाले आणि मालवण तालुक्यातलं वराड एका दिवसात बातम्यांमध्ये आलं. वडील तिथले, डॉक्टर. मुलगा डब्लिनमध्ये जन्मलेला. हे सगळं तुम्ही तेव्हा फॉरवर्ड होऊन वाचलं असेलच. मला त्यातली एक बारीक ओळ जास्त खुणावत राहिली. त्यांच्या राजकारणाची सुरुवात 2003 मध्ये फिंगल काउंटी कौन्सिलचा सदस्य म्हणून झाली होती.

काउंटी कौन्सिल म्हणजे ढोबळमानाने आपली जिल्हा परिषद. फिंगल म्हणजे डब्लिनच्या उत्तरेचा पट्टा: विमानतळ, नव्या कॉलन्या आणि त्यांच्या पलीकडे शेतं. त्या शेतांमध्ये किलसॅलाहन नावाचं एक खेडं आहे. 5 नोव्हेंबर 1946 रोजी आयर्लंडच्या ग्रामीण वीजयोजनेचा पहिला खांब तिथे रोवला गेला. पुढच्या जानेवारीत जवळच्या ओल्डटाउन गावात दिवे लागले. डब्लिन शहरात वीज येऊन तोवर अर्धशतक उलटलं होतं.

वीज आली म्हणजे पंप आला, आणि पंप आला म्हणजे नळ येऊ शकत होता. पण वीज सरकारी मंडळाने आणली. नळाची जबाबदारी काउंटी कौन्सिलांवर होती, आणि तिथे गोष्ट अडकली. ती कुठे आणि का अडकली, हे शोधताना मला आयरिश खेड्यांचा गेल्या सव्वाशे वर्षांचा इतिहास उलगडत गेला. एरवी आपण तो बटाट्याचा दुष्काळ आणि स्वातंत्र्यलढा एवढ्यावरच संपवतो.

आधी कौन्सिलांबद्दल. 1898 पर्यंत आयर्लंडमधल्या काउंट्यांचा कारभार ‘ग्रँड ज्युरी’ बघायची. नाव न्यायालयाचं, माणसं जमीनदार, आणि निवडून कोणीच आलेलं नाही. त्या वर्षीच्या कायद्याने काउंटी कौन्सिलं आणि त्यांच्याखाली ग्रामीण जिल्हा कौन्सिलं आली. 1899 मध्ये निवडणुका झाल्या आणि एका झटक्यात सत्ता जमीनदारांच्या हातून कुळांच्या, दुकानदारांच्या, राष्ट्रवादी कार्यकर्त्यांच्या हाती गेली. बायकांना मत देता आलं आणि ग्रामीण जिल्हा कौन्सिलांवर बसताही आलं. काउंटी कौन्सिलाचा दरवाजा त्यांच्यासाठी उघडायला मात्र 1911 उजाडलं.

या कौन्सिलांचं सगळ्यात ठसठशीत काम आजही रस्त्याकडेला दिसतं. शेतमजुरांसाठी घरं बांधायचा कायदा 1883 मध्येच झाला होता. ग्रामीण जिल्हा कौन्सिलांनी ते काम पुढे रेटलं. दगडविटांचं छोटं घर, सोबत आधी अर्धा एकर आणि नंतर एक एकर जमीन. बटाटे लावा, कोंबड्या पाळा. पहिल्या महायुद्धापर्यंत अशी चाळीस हजारांहून जास्त घरं उभी राहिली. एका खोलीच्या मातीच्या झोपडीत अख्खं कुटुंब राहत होतं, त्या काळात हे किती मोठं असेल याचा अंदाज करा. कौन्सिलने माणसाचं आयुष्य सुधारावं ही कल्पना आयर्लंडमध्ये जुनी आहे. हल्लीच्या सरकारी अहवालांनी ती शोधलेली नाही.

हे पैसे कुठून यायचे? बराचसा भाग ‘रेट्स’मधून. रेट्स म्हणजे घरजमिनीवरचा कर, आपल्या घरपट्टी आणि शेतसाऱ्याचा चुलत भाऊ. तो ठरायचा रिचर्ड ग्रिफिथ यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर केलेल्या मूल्यांकनावर. शेतजमिनीच्या बाबतीत ते मूल्यांकन 1980 च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत वापरात होतं, शेवटी न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवलं. तोवर एखादा शेतकरी आपल्या पणजोबाच्या काळात लावलेल्या भावाने कर भरत होता. हा रेट्सचा मुद्दा लक्षात ठेवा. पुढे नळ त्याच्यावरच अडतो.

स्वातंत्र्यानंतर कौन्सिलांचे पंख छाटायला सुरुवात झाली. 1925 मध्ये ग्रामीण जिल्हा कौन्सिलं रद्द झाली. 1942 पासून प्रत्येक काउंटीला सरकारी मॅनेजर आला, म्हणजे जिल्हा परिषदेचा सीईओच. रोजचा कारभार त्याच्या हातात आणि निवडून आलेल्यांकडे अंदाजपत्रक, ठराव आणि भाषणं. स्थानिक पुढारी भ्रष्ट आणि वशिलेबाज असतात, हे कारण दिलं गेलं. काही ठिकाणी ते खरंही होतं.

गावपातळीवर मग पोकळी राहिली. ती भरायला पुढे आले चर्चचे पाद्री. कॅनन जॉन हेझ यांचा जन्म जमीनदाराने हुसकावून लावलेल्या कुटुंबात झाला होता. त्यांनी 1930 च्या दशकात ‘मुइंतिर ना तीरे’, म्हणजे ‘मातीतली माणसं’, ही चळवळ उभी केली. शेतकरी, मजूर, शिक्षक, दुकानदार सगळ्यांची मिळून गावोगाव परिषद. सरकारी सत्ता शून्य, पण सभागृह बांधणं, वीज हवी म्हणून दारोदार फिरून सह्या गोळा करणं ही कामं त्यांनी केली. वीजमंडळ कुठल्या भागात आधी जायचं हे ठरवताना किती घरं जोडणी घेणार आणि त्यातून किती वसुली होणार हे बघायचं, त्यामुळे या सह्यांना वजन होतं. आधी हो म्हणून वायरमन दारात आल्यावर नाही म्हणणाऱ्यांना मंडळाने ‘बॅकस्लायडर’ असं नाव ठेवलं होतं. गवताच्या छपराला आग लागेल ही भीती, आणि बिल झेपेल का ही त्याहून मोठी भीती.

या गावकीबद्दल फार हळवं व्हायचं कारण नाही. 1930 मध्ये मेयो काउंटीच्या ग्रंथपालपदी केंद्रीय निवड आयोगाने लेटिशिया डनबर यांची नेमणूक केली. त्या प्रोटेस्टंट होत्या आणि डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात शिकलेल्या. ग्रंथालय समितीने त्यांना नाकारलं. कारण सांगितलं की त्यांचं आयरिश कच्चं आहे. कौन्सिल समितीच्या मागे उभं राहिलं. सरकारने सरळ कौन्सिलच बरखास्त करून प्रशासक नेमला आणि त्याने त्यांना पदावर बसवलं. मग मेयोतल्या वाचकांनी ग्रंथालयांवर बहिष्कार टाकला. शेवटी 1932 च्या सुरुवातीला त्यांची बदली डब्लिनला संरक्षण खात्याच्या ग्रंथालयात झाली. गावाचं ऐकायचं म्हटलं की गावातल्या कोणाचं, हा प्रश्न मेयोने तेव्हाच विचारून ठेवला आहे.

आता नळ.

1950 च्या दशकाच्या अखेरीस बहुतेक आयरिश शेतकरी घरांत विजेचा दिवा होता, कोपऱ्यात रेडिओही होता आणि पाणी मात्र विहिरीवरून बादलीने येत होतं. आणायच्या अर्थातच बायका आणि मुलं. स्थानिक शासनमंत्री नील ब्लेनी यांनी काउंटी कौन्सिलांमार्फत मोठ्या प्रादेशिक नळयोजनांचा कार्यक्रम आखला. त्याला विरोध झाला तो ग्रामीण भागातूनच. शेतकरी संघटनेचं म्हणणं असं: योजनेचा खर्च रेट्सवर चढणार, रेट्स जमिनीवर लागणार, म्हणजे नळ माझ्या दारी येवो न येवो, पैसे मी भरायचे. ज्यांनी स्वतःच्या खर्चाने विहीर खणून पंप बसवला होता त्यांचा राग आणखी वेगळा.

हे म्हणणं हिशोबाने चूक नव्हतं. पण हिशोब मांडणारे पुरुष होते आणि बादल्या वाहणाऱ्या बायका. आयरिश ग्रामीण महिलांची संघटना 1910 पासून काम करत होती. तिने नळाच्या बाजूने मोहीम चालवली. तिच्या बैठकांमध्ये शिवणकाम आणि पाककृतींच्या जोडीला आता पाइप आणि सेप्टिक टँक हे विषय आले. एकाच घरात नवरा एका संघटनेचा सभासद आणि बायको दुसरीची, आणि त्या दोन संघटना एकाच नळावरून समोरासमोर. मला हा सगळा वाद त्या स्वयंपाकघरांमधून ऐकायला फार आवडला असता.

वाट निघाली विकलो काउंटीच्या डोंगराळ भागात. तिथे फादर जो कॉलिन्स यांनी काही घरं एकत्र केली, झरा शोधला, चर खणले, पाइप टाकले. यातून ‘ग्रुप वॉटर स्कीम’ हा प्रकार रुजला. शेजाऱ्यांनी एकत्र यायचं, प्रत्येकाने ठरलेली वर्गणी द्यायची, विश्वस्त निवडायचे. सरकार अनुदान देणार, कौन्सिल मदत आणि देखरेख करणार, मजुरी बरीचशी आपली आपण. आयरिशमध्ये याला शब्द तयारच होता, ‘मेहल’: पेंढ्या बांधायला, पीट खणायला शेजाऱ्यांनी आळीपाळीने एकमेकांकडे राबणं. आपल्याकडची सावड किंवा इर्जिक म्हणा. मेहल नांगरावरून पाइपवर आली. पुढच्या दोनतीन दशकांत डोंगरकपारीतल्या, तळ्याकाठच्या हजारो घरांत पाणी अशाच योजनांमधून पोचलं. कौन्सिलची मोठी पाइपलाइन जिथे परवडत नव्हती, तिथे ही पोचली.

इथे गोष्ट संपती तर शाळेच्या धड्यात शोभली असती. पण राजकारण शहरात मतं मोजत होतं. 1977 च्या निवडणुकीत फियाना फॉल पक्षाने घरांवरचे रेट्स रद्द करायचं वचन दिलं, निवडणूक जिंकली आणि वचन पाळलं. लोक खूश. कौन्सिलांचं मात्र हक्काचं उत्पन्न गेलं आणि ती केंद्राच्या अनुदानाकडे डोळे लावून बसली. मग 1980 च्या दशकात त्यांनी पाणीपट्टी लावली, डब्लिनमध्ये तिच्याविरुद्ध मोठं आंदोलन झालं आणि 1997 मध्ये सरकारने घरगुती पाणीपट्टी रद्द केली. शहरातल्या माणसाचं पाणी फुकट झालं. ग्रुप स्कीमवाल्याचं नाही, कारण त्याची योजना कागदोपत्री खाजगी! पंपाचं वीजबिल, फुटलेला पाइप, क्लोरीन, सगळं त्याच्या खिशातून. गावांमध्ये संतापाची लाट आली. विखुरलेल्या योजनांनी मिळून राष्ट्रीय महासंघ बनवला आणि सरकारकडून चालू खर्चासाठी अनुदान मिळवलं.

दरम्यान आणखी वाईट गोष्ट उघड होत होती. तळ्यातून किंवा झऱ्यातून उचललेल्या पाण्यावर अनेक योजनांमध्ये धड प्रक्रियाच होत नव्हती. आजूबाजूची शेती बदलली होती. गुरं वाढली, शेणखताची स्लरी शेतात ओतली जाऊ लागली, घरोघरी सेप्टिक टँक आले. नळाच्या पाण्यात ई-कोलाय सापडू लागला. ज्यांनी स्वतःच्या हातांनी चर खणले त्यांच्याच नातवंडांना पाणी उकळून द्यायची वेळ आली. प्रकरण युरोपीय न्यायालयात गेलं आणि नोव्हेंबर 2002 मध्ये आयर्लंड हरलं. योजना खाजगी असली तरी पाणी शुद्ध ठेवण्याची जबाबदारी शेवटी राज्याची, असा त्या निकालाचा अर्थ. मगच पैसा सुटला: जवळजवळच्या योजना एकत्र करून शुद्धीकरण केंद्रं उभी राहिली, काही योजना कौन्सिलच्या पाइपलाइनला जोडल्या.

मला या निकालात आयरिश ग्रामविकासाची सगळी दुखरी नस दिसते. गाव स्वतःहून उभं राहिलं की सरकार टाळ्या वाजवतं आणि हळूच बाजूला होतं. लोकसहभाग हा शब्द सरकारांना इतका का आवडतो, हे विकलोच्या त्या चरांकडे बघून कळतं. तो स्वस्त पडतो. आणि तरीही, ते चर कोणी खणले नसते तर कितीतरी घरांना आणखी वीस वर्षं बादली चुकली नसती, हेही खरं.

2014 मध्ये दोन गोष्टी झाल्या. पाणीपुरवठा कौन्सिलांकडून काढून एका राष्ट्रीय कंपनीकडे दिला गेला. पुन्हा पाणीपट्टी, पुन्हा शहरांत प्रचंड मोर्चे आणि 2016 मध्ये पुन्हा माघार; ग्रुप स्कीमवाले त्याही काळात आपलं बिल भरतच होते. दुसरी गोष्ट म्हणजे 80 नगर कौन्सिलं एका कायद्याने रद्द झाली आणि देशभरात एकूण 31 कौन्सिलं उरली. त्यांच्याकडे आता रस्ते, घरं, ग्रंथालयं, बागा, आणि स्थानिक संस्थांना द्यायची छोटी अनुदानं. त्याच कायद्याने प्रत्येक काउंटीत सामुदायिक विकासाची समिती आली, आणि त्याच वर्षी गावोगावच्या मंडळांची एकत्र नोंद ठेवणारं जाळंही उभं राहिलं. भजनी मंडळापासून क्रिकेट क्लबापर्यंत सगळ्यांची एक यादी असावी, तसं. कागदी काम वाटतं. मलाही वाटलं असतं.

मार्च 2020 च्या अखेरीस सत्तर वर्षांवरच्या सगळ्यांना घराबाहेर पडू नका असं सांगण्यात आलं. डोंगरात एकटी राहणारी म्हातारी माणसं, जवळचं दुकान दहा किलोमीटरवर. वराडकर तेव्हा काळजीवाहू पंतप्रधान होते. किराणा, औषधं, जळण पोचवायचं काम सरकारने सोपवलं ते कौन्सिलांकडे. काही दिवसांत प्रत्येक काउंटीत हेल्पलाइन सुरू झाली. फोन आला की गावातल्या मंडळाला निरोप जायचा, आणि हर्लिंग-फुटबॉलच्या क्लबातली पोरं पिशव्या घेऊन निघायची. ग्रंथालयं बंद होती, त्यामुळे तिथल्या काही कर्मचाऱ्यांना हेल्पलाइनवर बसवलं गेलं. किराणा सांगून झाल्यावर काही जण पुस्तकं मागायचे, आणि अनेक काउंट्यांमध्ये तीही घरपोच गेली.