जॉनी ब्राइट : मोडलेला जबडा आणि उशिराची माफी

अमेरिकेतील काळ्यांच्या साहित्याविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले. ‘दलित पँथर’ हे नावही १९७२ साली तिकडूनच स्फुरले. त्यांच्या खेळाडूंच्या इतिहासाकडे मात्र आपण फारसे वळलो नाही. ‘सर, मैदानावर जात नसते’ असे एखादा विद्यार्थी म्हणतो, तेव्हा मी त्याला जॉनी ब्राइटची हकीकत सांगतो.

२० ऑक्टोबर १९५१. आयोवातील ड्रेक विद्यापीठाचा हा काळा फुटबॉलपटू ओक्लाहोमातील स्टिलवॉटर येथे तेथील कॉलेजच्या गोऱ्या संघाविरुद्ध खेळत होता. पहिल्या सात मिनिटांत त्याला तीनदा बेशुद्ध पाडले गेले. चेंडू त्याच्या हाती नसतानाच बसलेल्या तडाख्याने त्याचा जबडा मोडला. पंचांना काही दिसले नाही, कॅमेऱ्याला दिसले. त्या छायाचित्रांना १९५२ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले. पुरावा जगापुढे होता, तरी शिक्षा कोणालाच झाली नाही. निषेध म्हणून ड्रेक विद्यापीठ स्पर्धासंघातून बाहेर पडले.

पुढे फिलाडेल्फियाच्या व्यावसायिक संघाने त्याला पहिल्याच फेरीत निवडले. पण दक्षिणेकडून येणारे गोरे खेळाडू आपल्याला कसे वागवतील, या शंकेने तो कॅनडात गेला. १९५२ ते १९६४ ही तेरा वर्षे तो आधी कॅल्गरीकडून, मग एडमंटनकडून खेळला. आक्रमणात फुलबॅक, बचावात लाइनबॅकर. १९५४, १९५५ व १९५६ असा सलग तीनदा एडमंटनने ग्रे कप जिंकला. १९५९ साली तो कॅनडातील सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला; हा मान मिळवणारा तो पहिला काळा माणूस.

यावरून कॅनडा ही समतेची भूमी होती, असे मात्र समजू नये. याच ओक्लाहोमातून काळी शेतकरी कुटुंबे अल्बर्टात येऊ लागली, तेव्हा एडमंटनच्या व्यापाऱ्यांनी विरोध केला. १९११ साली कॅनडाच्या मंत्रिमंडळाने काळ्यांना वर्षभर प्रवेशबंदी करणारा आदेश मंजूरही केला. तो अमलात आला नाही, एवढेच.

त्याच एडमंटनमध्ये ब्राइट शिक्षक झाला, मुख्याध्यापक झाला आणि १९८३ साली वारला. आज तेथे एक शाळा त्याच्या नावाने चालते.

ओक्लाहोमाच्या त्या संस्थेने माफी मागितली ती २००५ साली, चोपन्न वर्षांनी. ती ऐकायला ब्राइट नव्हता. म्हणून मी विद्यार्थ्यांना म्हणतो, गुणवत्तेने माणूस मैदानात उतरतो. पण तेथे पंच कोण आहे, हेही विचारले पाहिजे.