हात लावाल ती सोंगटी : शालेय बुद्धिबळ स्पर्धेच्या नियमपत्रकाचा इतिहास

आजचा धागा एका कागदाविषयी आहे. शालेय बुद्धिबळ स्पर्धा जेथे भरते, त्या सभागृहाच्या दारावर एक नियमपत्रक चिकटवलेले असते. 'हात लावलेली सोंगटी खेळावीच लागेल. दुसऱ्या नियमबाह्य चालीस डाव गमवावा लागेल. शंका असल्यास घड्याळ थांबवून हात वर करावा. स्पर्धा स्विस पद्धतीने होईल. पंचांचा निर्णय अंतिम राहील. पालकांनी सभागृहाबाहेर थांबावे.' पालक ते घाईने वाचतात आणि मुले वाचतही नाहीत. वास्तविक त्यातील प्रत्येक ओळीमागे मोठ्या माणसांचे जुने भांडण आहे. ती भांडणे कोणती आणि त्यांचा निकाल आठ-दहा वर्षांच्या मुलांवर कसा येऊन पडला, हे पाहू.

सुरुवात पत्रकात न छापलेल्या नियमापासून करतो. ही स्पर्धा आंतरराष्ट्रीय नियमांनी होणार, हे आज सांगावेही लागत नाही. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीला मात्र ते सांगावे लागे, कारण घराघरांत खेळले जाणारे बुद्धिबळ वेगळे होते. देशी पद्धतीत प्यादे पहिल्या चालीतही एकच घर पुढे जाई. किल्लेकोट नव्हता, त्याऐवजी शह बसण्यापूर्वी राजाला एकदा घोड्याची चाल खेळण्याची मुभा असे. प्यादे शेवटच्या पट्टीत पोहोचले की ते हवा तो मोहरा होत नसे. ज्या घरात पोहोचले त्या घराचा मूळ मोहरा, म्हणजे घोड्याच्या घरात घोडा आणि हत्तीच्या घरात हत्ती, एवढीच त्याची बढती. प्रांतागणिक यात पोटभेद होते. एच. जे. आर. मरे यांनी १९१३ साली प्रसिद्ध केलेल्या बुद्धिबळाच्या बृहद् इतिहासात हिंदुस्थानातील खेळाचे एकाहून अधिक प्रकार नोंदवले आहेत.

हा फरक किरकोळ वाटेल, पण तसा तो नाही. प्यादे एकेक घर चालत असल्याने देशी डाव सावकाश उघडतो. आक्रमणाआधी दोन्ही बाजूंना मोर्चेबांधणीला वेळ मिळतो. युरोपात पंधराव्या शतकाच्या अखेरीस वजिराला आजची अफाट ताकद मिळाली आणि प्याद्याची दोन घरांची उडीही रूढ झाली, तसा खेळ पहिल्या दहा चालींतच पेटू लागला. म्हणून तेथे 'ओपनिंग'चे शास्त्र निर्माण झाले. आपल्याकडे त्याची तेवढी गरजच नव्हती.

मुंबईकरांना ठाऊक असावा असा एक दुवा येथे आहे. १८१४ साली मुंबईत बुद्धिबळावरील एक इंग्रजी पुस्तक छापले गेले. ते मूळ संस्कृत ग्रंथाचे भाषांतर होते आणि ग्रंथकर्त्याचे नाव त्यावर 'त्रेवंगडाचार्य शास्त्री' असे छापलेले आहे. शीर्षकातच स्पष्ट केले होते की यातील डाव युरोपीय खेळपद्धतीला जुळवून घेतले आहेत. म्हणजे पेशवाई अजून उभी असताना, एका शास्त्र्याची बुद्धिबळविद्या इंग्रज वाचकापुढे ठेवायची तर तिचे नियम आधी बदलून घ्यावे लागले. पुढे दीड शतकभर भारतीय खेळाडूंच्या वाट्याला जे आले, त्याची ही पहिली छापील खूण मला वाटते.

त्याचे सर्वांत ठळक उदाहरण मीर सुलतान खान. पंजाबातला हा खेळाडू लहानपणी देशी पद्धतीने शिकला. सर उमर हयात खान यांच्या आश्रयाखाली त्याने युरोपीय नियम आत्मसात केले, १९२९ साली तो त्यांच्यासोबत इंग्लंडला गेला आणि त्याच वर्षी ब्रिटिश विजेता झाला. १९३२ आणि १९३३ साली पुन्हा. हेस्टिंग्जच्या १९३०-३१च्या स्पर्धेत त्याने कापाब्लांकाला हरवले. समकालीनांनी त्याच्या खेळात एकच उणीव सतत दाखवली, ती म्हणजे डावाच्या आरंभीचा कच्चेपणा. मला ती उणीव म्हणवत नाही. बालपणी ज्या नियमांत हात बसला, त्या नियमांत पहिल्या दहा चालींना तसे महत्त्वच नव्हते. फिडेने त्याला मानद ग्रँडमास्टर पद दिले ते २०२४ साली, मरणोत्तर.

अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघ १९५१ साली स्थापन झाला. १९५५ साली एलुरू येथे पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, तीत महाराष्ट्राचे रामचंद्र सप्रे आणि आंध्रचे डी. वेंकय्या संयुक्त विजेते ठरले. १९६१ साली मॅन्युएल आरोन भारताचे पहिले इंटरनॅशनल मास्टर झाले आणि त्या दशकात आंतरराष्ट्रीय नियमांचा प्रसार वेगाने झाला. आपल्याकडे सांगलीच्या नूतन बुद्धिबळ मंडळाने, विशेषतः भाऊसाहेब पडसलगीकरांच्या चिकाटीने, स्पर्धांची जी परंपरा चालवली, तिच्यातून कित्येक पिढ्यांतील मुलांना पहिल्यांदा घड्याळासमोर बसायला मिळाले. देशी नियम कोणी हुकूम काढून बंद केले नाहीत. स्पर्धेत ते चालत नव्हते, एवढे कारण त्यांना पुरले. (हा ऱ्हास केवळ आपल्याच वाट्याला आला असे नाही. इटलीतही किल्लेकोटाचे आणि प्याद्याचे स्वतंत्र नियम होते. ते १८८०च्या सुमारास उर्वरित युरोपाशी जुळवून घेण्यात आले.)

आता छापलेल्या ओळींकडे वळू. 'हात लावलेली सोंगटी खेळावीच लागेल' हा नियम फार जुना आहे, मात्र त्याची शिक्षा बदलत गेली. एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी नियमावल्यांत चुकीच्या चालीचा दंड मजेशीर होता. प्रतिस्पर्ध्याला निवड करता येई : चाल तशीच राहू द्यायची, तीच सोंगटी नियमानुसार खेळायला लावायची, किंवा सोंगटी परत ठेवून राजा हलवायला लावायचा. हा तिसरा पर्याय घातक. ऐन मध्यडावात विनाकारण राजा हलवावा लागणे म्हणजे अर्धा पराभव. हे नियम क्लबांत पैज लावून खेळणाऱ्या गृहस्थांसाठी लिहिलेले होते. चूक झाली तर किंमत मोजा, असा त्यांचा साधा हिशेब होता.

नियमांना जगभर एक रूप देण्याचे काम फिडेने हाती घेतले. तिची स्थापना २० जुलै १९२४ रोजी पॅरिसमध्ये झाली आणि पहिली नियमावली १९२९ सालची. ती फ्रेंचमध्ये होती, भाषांतरागणिक अर्थ थोडा थोडा हलत असे आणि काही देश अंतर्गत स्पर्धांत स्वतःचेच नियम चालवत. म्हणून १९५२ साली नियमांसाठी कायमस्वरूपी समिती नेमली गेली. दंडाचे आजचे स्वरूप त्यानंतरचे. तिसऱ्या नियमबाह्य चालीला डाव जाई. १ जुलै २०१४ पासून तो दुसऱ्याच चालीला जाऊ लागला. पहिल्या चुकीला प्रतिस्पर्ध्याला दोन मिनिटे जादा मिळतात. राजाला शह आहे हे न पाहता दुसरीच सोंगटी खेळणे ही नियमबाह्य चालच. प्रौढ खेळाडूच्या बाबतीत असे क्वचित घडते. सात वर्षांखालील गटात ते जवळजवळ प्रत्येक फेरीत घडते. नियम एकच, पण तो कोणावर किती वेळा कोसळतो याचे गणित वेगळे. लहान गटांना येथे थोडी सवलत असावी असे माझे स्पष्ट मत आहे.

याहून नाजूक बाब दाद मागण्याची. फिडेच्या नियमांनुसार प्रतिस्पर्ध्याने एका सोंगटीला हात लावून दुसरी खेळली, तर त्याविरुद्ध दाद मागता येते; पण आपण स्वतः पुढची चाल खेळण्यासाठी सोंगटीला हात लावला की तो हक्क संपतो. पंचाने स्वतः पाहिले असेल तर त्याने हस्तक्षेप करायचा असतो हे खरे, परंतु चाळीस पट आणि दोन पंच अशा सभागृहात तो सर्वत्र पाहणार कसा? मग प्रकरण दोन मुलांच्या शब्दांवर येते. साक्षीदार नसतो. धीट मूल 'मी हात लावलाच नव्हता' असे ठामपणे सांगते, बुजरे मूल हात वर करायलाच कचरते आणि दोन मिनिटांत डावाचा रंग पालटतो. क्लबातील गृहस्थांच्या सचोटीवर भिस्त ठेवून रचलेला हा नियम आहे. शाळेत तो मुलांच्या धिटाईची परीक्षा घेतो. चांगले पंच पहिल्या फेरीपूर्वी मुलांना हात कसा वर करायचा याची प्रत्यक्ष तालीम देतात, ते उगीच नव्हे.

प्याद्याच्या बढतीतही अशीच एक खोच आहे. घरी खेळताना दुसरा वजीर नसेल तर आपण हत्ती उलटा ठेवतो आणि तो वजीर मानतो. स्पर्धेत उलटा हत्ती हा हत्तीच. २०१७ साली कॅनडाच्या राष्ट्रीय विजेतेपदाच्या निर्णायक जलद डावात निकोलाय नोरित्सिन यांनी वजीर हाताशी न सापडल्याने हत्ती उलटा ठेवला; पंचांनी तो हत्तीच ठरवला, नोरित्सिन तो डाव हरले आणि विजेतेपद बातोर साम्बुयेव यांच्याकडे गेले. तेव्हा घड्याळ थांबवून पंचाकडे वजीर मागावा, हे मुलांना आवर्जून शिकवले पाहिजे.

घड्याळाचा इतिहास स्वतंत्र धाग्याचा विषय आहे, म्हणून थोडक्यात. १८५१ च्या लंडन स्पर्धेत वेळेचे बंधन नव्हते आणि काही खेळाडूंच्या संथपणाने सारे जेरीस आले. १८६१ साली अँडरसन आणि कोलिश यांनी वाळूची घड्याळे वापरली. १८८३ साली लंडनमध्ये मँचेस्टरच्या टी. बी. विल्सन यांचे जोडघड्याळ आले.

त्याच १८५१ च्या स्पर्धेत 'हरला तो बाद' ही पद्धत होती. किझेरिट्स्कीसारखा नामांकित खेळाडू पहिल्याच फेरीत अँडरसनकडून हरून बाहेर पडला. शालेय स्पर्धेत ही पद्धत असती तर निम्मी मुले तासाभरात घरी परतली असती. तसे होत नाही, कारण १८९५ साली झुरिकमध्ये ज्युलियस म्युलर या शिक्षकाने सुचवलेली पद्धत प्रथम वापरली गेली : प्रत्येक फेरीत समान गुणांचे खेळाडू एकमेकांसमोर, आणि बाद कोणीच नाही. आपण तिला स्विस पद्धत म्हणतो. पहिल्या चार फेऱ्या हरलेले मूल पाचव्या फेरीत आपल्यासारख्याच मुलासमोर बसते आणि पुष्कळदा जिंकते. संपूर्ण नियमपत्रकात मुलांच्या सर्वांत हिताची ओळ हीच, असे मी मानतो.

वयाच्या गटांची कथा त्यामानाने अलीकडची. कनिष्ठांची पहिली जागतिक स्पर्धा १९५१ साली इंग्लंडमध्ये, बर्मिंगहॅम परिसरात झाली. वीस वर्षांखालील ते विजेतेपद युगोस्लाव्हियाच्या बोरिस्लाव्ह इव्हकोव्हने मिळवले. सोळा, चौदा, बारा, दहा हे गट नंतर क्रमाक्रमाने आले. वय त्या वर्षीच्या १ जानेवारीला मोजतात. त्यामुळे डिसेंबरात जन्मलेले मूल जवळजवळ वर्षभराने मोठ्या मुलासमोर बसते, ही पालकांची नेहमीची तक्रार अगदी खरी आहे.

प्रवेशअर्जावरील 'गट : खुला / मुली' या ओळीपाशी थांबून हा धागा संपवतो. 'मुलगे' असा शब्द तेथे का नाही, या प्रश्नाच्या उत्तराचा एक धागा मुंबईतल्या एका घरापर्यंत जातो. भारतातील पहिली राष्ट्रीय महिला स्पर्धा १९७४ साली वासंती खाडिलकर यांनी जिंकली. त्यांची धाकटी बहीण रोहिणी १९७६ साली, वयाच्या तेराव्या वर्षी, पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली. मुलीने त्या स्पर्धेत खेळावे काय यावरून मोठे वादळ उठले. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. अखेर फिडेचे अध्यक्ष, माजी जगज्जेते डॉ. मॅक्स यूवे यांनी निर्णय दिला की राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धांतून स्त्रियांना वगळता येणार नाही. बारा वर्षांनी, १९८८ साली, हंगेरीच्या ज्युडिट पोल्गारने तिमिशोआरा येथे बारा वर्षांखालील जागतिक विजेतेपद जिंकले, ते मुलांच्या गटात खेळून. रोहिणी खाडिलकर तोवर पाच वेळा राष्ट्रीय महिला विजेत्या आणि १९८१ साली हैदराबादेत आशियाई विजेत्या झालेल्या होत्या.