चेटकिणींच्या नावाची वाट

उत्तर जर्मनीतील हार्झ पर्वताच्या पश्चिम पायथ्याशी ओस्टेरोडे नावाचे गाव आहे. तेथून निघून पूर्वेकडील टाले गावी उतरणारी, सुमारे १०० किलोमीटर लांबीची जी पाऊलवाट आहे, तिला ‘हेक्सेनश्टीग’, म्हणजे चेटकिणींची वाट, असे म्हणतात. हे नाव अलीकडचे. पायाखालची वाट मात्र ठिकठिकाणी फार जुनी आहे, आणि तिच्यात चेटकिणींच्या कथांहून खाणकऱ्यांचे कष्टच अधिक मुरले आहेत, असे मला नेहमी वाटते.

हार्झच्या पोटात रुपे, शिसे आणि तांबे विपुल, परंतु माथ्यावर थंडी अशी की धान्य पिकणे कठीण. त्यामुळे क्लाउस्थाल, त्सेलरफेल्ड यांसारख्या खाणींच्या नगरांना सारी रसद खालच्या मुलखातून चढवून न्यावी लागे. हॅनोवरच्या सरकारने १७१९ ते १७२२ या काळात ओस्टेरोडे येथे एक विशाल कोठार उभारले आणि तेथून खाणकऱ्यांना ठरीव भावाने धान्य देण्याची तजवीज केली. ‘हार्झच्या उपयोगासाठी’ अशा अर्थाचा लॅटिन लेख त्या इमारतीवर आहे. गाढवांच्या पाठीवर लादलेली ती पोती ज्या चढणीने वर जात, त्याच बाजूने आजचा पांथस्थ निघतो.

पुढे पाण्याचे राज्य लागते. खाणी जसजशा खोल गेल्या, तसतसे आत साठणारे पाणी उपसणे हा जीवनमरणाचा प्रश्न झाला, आणि या लोकांनी पाण्यानेच पाणी उपसले: डोंगरावर तळी बांधली, उताराला जेमतेम कळेल न कळेल अशा कलाने चर खणून ते पाणी कोसच्या कोस वळविले आणि त्यावर प्रचंड चक्रे फिरविली. १७२२ साली पुरा झालेला ओडरटाइखचा बांध पुढे दीड शतकाहून अधिक काळ जर्मनीतील सर्वांत मोठा होता. या जलव्यवस्थेला २०१० साली जागतिक वारशाचा मान मिळाला. डामग्राबेन नावाच्या चराच्या काठाने चालताना सोबतीला संथ वाहणारे ते पाणी पाहिले की हा मान उशिराच मिळाला असे वाटते.

त्यानंतर ब्रोकेन. ११४१ मीटर उंचीचे हे शिखर वर्षातील बहुतेक दिवस धुक्यात असते, आणि त्या धुक्यावर पडलेली स्वतःची छाया माणसाला राक्षसाएवढी दिसते. एप्रिलच्या अखेरच्या रात्री चेटकिणी येथे सैतानाच्या मेळ्यास जमतात, ही समजूत १६६८ साली प्रेटोरियस नावाच्या लेखकाने ग्रंथरूपाने दूरवर पसरविली. परंतु त्या ग्रंथाच्याही आधीपासून छळ करून घेतलेल्या जबान्यांत अभागी स्त्रिया याच पर्वताचे नाव सांगत होत्या, आणि त्या जबान्यांवर विसंबून त्यांना जाळले जात होते. हे विसरून या नावाची मौज वाटणे मला जमत नाही. गटे १० डिसेंबर १७७७ रोजी हिमातून वर चढला आणि पुढे ‘फाउस्ट’मध्ये त्याने हा मेळा अजरामर केला, कवी हाइने १८२४ मध्ये येऊन गेला. १९६१ पासून मात्र हे शिखर पूर्व जर्मनीच्या लष्करी हद्दीत कोंडले गेले, ते ३ डिसेंबर १९८९ रोजी वर चढून आलेल्या सामान्य लोकांनी फाटक उघडावयास लावीपर्यंत.

पूर्वेकडील उतारावर रूबेलांडच्या गुहा ओलांडून वाट बोडे नदीच्या घळईत शिरते. बोडो नावाच्या दांडग्या सरदाराच्या तावडीतून सुटण्यासाठी राजकन्या ब्रुनहिल्डेने येथे घोड्यासह दरी लंघिली, तिचा मुकुट मात्र खाली पडला. घोड्याच्या टापेचा खळगा कड्यावर अजून दाखवितात, आणि पाठलागात दरीत कोसळलेला बोडो काळा कुत्रा होऊन डोहात त्या मुकुटाची राखण करीत बसला आहे, असे टालेचे लोक सांगतात.